तू नेमकी कुणाची?

इलेक्शनचा सीझन आला की आपल्याकडे एक गंमत होते. एरवी कँटीनमध्ये अप्रेझल, ईएमआय आणि ‘वीकएंडला कुठे?’ यापलीकडे न जाणारी मंडळी अचानक जर्सी घालून बसतात. ती दिसत नाही, पण असते. तुम्ही साधं म्हणा, ‘काय ऊन आहे राव यंदा!’ समोरचा डोळे बारीक करून बघतो. हा उन्हाबद्दल तक्रार करतोय, म्हणजे नक्की कुणाच्या बाजूचा?

एप्रिल-मे २०२४ मध्ये लोकसभा, २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभा आणि १५ जानेवारी २०२६ ला महापालिका. दोन वर्षांच्या आत तीनदा बोटाला शाई लागली. आणि या तिन्ही सीझनमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच. ‘ते सगळं ठीक आहे गं, पण तू नेमकी कुणाची?’

कुणाची म्हणजे काय हो? मी काय सातबारा आहे, वर मालकाचं नाव लावायला? त्यातून मी फ्रीलान्स पत्रकार. त्यामुळे एक उपप्रश्न फुकट मिळतो, ‘तुला पैसे कोण देतं?’ (ज्यांनी तीन लेखांचं मानधन अजून थकवलंय, त्यांना हाच प्रश्न कुणीतरी माझ्या वतीने विचारा, प्लीज.)

आता हा किस्सा ऐका. विधानसभेच्या आधीचे दिवस. आमच्या सोसायटीच्या गेटबाहेरचे तीन दिवे बंद. रात्री साडेदहाला स्कूटर लावून आत यायचं म्हणजे मोबाइलचा टॉर्च लावा आणि देवाचं नाव घ्या. मी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली एवढंच लिहिलं, ‘याची तक्रार कुठे करायची, कुणाला माहितीये का?’

पहिलं उत्तर बी विंगमधल्या काकांचं. ‘हे प्रश्न तुला साठ वर्षं नाही पडले?’ काका, माझं वय अठ्ठावीस! तेवढ्यात चौथ्या मजल्यावरचा दादा मैदानात उतरला. ‘काका, अच्छे दिन एन्जॉय करा, अंधारात.’ मग काय, सुटलेच सगळे. नेहरू आले, ईव्हीएम आलं, कुठल्या तरी पुलाचा फोटो आला, जो आपल्या देशातला वाटतच नव्हता. रात्री बारापर्यंत दीडेकशे मेसेज. दोघं ग्रुप सोडून गेले. शेवटी सेक्रेटरींनी ‘ओन्ली अ‍ॅडमिन्स’ करून टाकलं.

दिवे? ते बंदच. चार दिवसांनी आमच्या वॉचमन मामांनी कुठल्यातरी वायरमनचा नंबर काढला, दोनदा फोन केला आणि दिवे लागले. मामांचं मत कुणाला, हे अख्ख्या सोसायटीत कुणीच विचारलं नव्हतं. कदाचित म्हणूनच त्यांना काम करायला वेळ मिळाला असेल.

मला वैताग येतो तो नेमका इथे. पक्ष असणारच, त्यांच्यात भांडणंही असणारच. लोकशाही म्हणजे काही भिशीचा ग्रुप नाही. पण दिव्याचा प्रश्न हा दिव्याचा प्रश्न म्हणून पाच मिनिटंसुद्धा टिकत नाही, याचा वैताग आहे. तो लगेच बाजूचा प्रश्न होतो. आणि बाजूचा झाला की उत्तर मिळायची शक्यता संपली. त्यानंतर फक्त स्कोअर मोजायचा.

बरं, ज्यांच्यासाठी आपण ही जर्सी घालतो, ते स्वतः एका जर्सीत किती वेळ असतात? एकदा शांतपणे स्कोअरकार्ड बघू या. कुणा एकाला टार्गेट करत नाहीये, टेन्शन घेऊ नका. सगळे आहेत यात.

१९९९ साली सोनिया गांधींच्या परदेशी जन्माच्या मुद्द्यावर काँग्रेसमधून बाहेर पडून राष्ट्रवादी स्थापन झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोन्ही काँग्रेस विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात शेजारी-शेजारी. २०१४ च्या विधानसभेला चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले. निकालानंतर शिवसेना विरोधी बाकांवर, विरोधी पक्षनेते एकनाथ शिंदे. डिसेंबर उजाडला आणि शिवसेना सत्तेत. २०१७ मध्ये हेच दोघे राज्यात एकत्र संसार करत होते आणि मुंबई महापालिकेत एकमेकांसमोर शड्डू ठोकून उभे होते. तिथे शिवसेना ८४, भाजप ८२.

मग आलं २०१९. युती म्हणून लढले. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. मुख्यमंत्रिपदावरून फाटलं. २३ नोव्हेंबरला आपण शनिवारची झोप काढत होतो, तेव्हा राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी उरकलासुद्धा. २६ ला राजीनामा. २८ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंची शपथ, सोबत दोन्ही काँग्रेस. जून २०२२ मध्ये सूरत, गुवाहाटी आणि ३० जूनला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री, फडणवीस उपमुख्यमंत्री. २ जुलै २०२३ ला अजित पवारही त्याच सरकारात. फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण शिंदेंकडे, फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळ अजित पवारांकडे, असा निवडणूक आयोगाचा निर्णय. दमलात ना वाचून? मी तर टाइप करून दमले.

यातली एक गोष्ट मला फार इंटरेस्टिंग वाटते. २०१९ मध्ये तुम्ही या चारांपैकी कुणालाही मत दिलेलं असू द्या. अगदी कुणालाही. पुढच्या पाच वर्षांत तुमचा पक्ष, किंवा त्याचा एखादा तुकडा, तुम्ही ज्यांच्याविरुद्ध बटण दाबलं होतं त्यांच्याच मांडीला मांडी लावून सत्तेत बसला. एकही अपवाद नाही. चेक करून बघा.

कुणी म्हणेल, ‘पक्षांतरबंदी कायदा आहे ना?’ आहे की. १९८५ पासून आहे. पक्षाचा व्हिप मोडून आमदाराने मत दिलं, तर आमदारकी जाऊ शकते. आधी एक तृतीयांश आमदार फुटले तर सूट होती, २००३ च्या घटनादुरुस्तीने ती काढून टाकली. कागदावर एकदम कडक. पण अख्खा पक्षच ‘खरा मी’ म्हणून दोन ठिकाणी उभा राहिला तर? शिवसेनेच्या बाबतीत १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनी निकाल दिला. खरी शिवसेना शिंदेंची, आणि अपात्र मात्र दोन्हीकडचं कुणीच नाही. म्हणजे बघा, एवढी मोठी मॅच झाली आणि आऊट कुणीच नाही.

यात कोण बरोबर, कोण चूक, हे सांगायला मी बसलेले नाही. आणि खरं सांगू? युती करणं, मोडणं, परत करणं हा काही गुन्हाही नाही. कुणालाच एकहाती बहुमत नसेल तर तडजोड करणं हेच त्यांचं काम आहे. माझा मुद्दा एवढाच आहे, की ते लवचीक आहेत आणि आपण कडक. बाजू ते बदलतात, मित्र आपण गमावतो.

आमच्या मास कॉमच्या बॅचमध्ये दोन मित्र होते. एकाला सगळे ‘वाघ’ म्हणायचे, दुसऱ्याला ‘कमळ’. नावावरून कळलंच असेल कोण कुणाचा. ऑक्टोबर २०१९ मध्ये दोघं एकाच बाइकवरून युतीच्या सभांना जायचे. कमळ हॉस्टेलवर राहायचा, पण जेवायला वाघाच्या घरी. वाघाचे बाबा त्याच्यासाठी वेगळी तिखट चटणी काढून ठेवायचे. नोव्हेंबरमध्ये युती फाटली, आणि यांचंही फाटलं. आधी मीम्स, मग टोमणे, मग ‘तुम्ही गद्दार’, ‘तुम्ही सत्तेचे लोभी’. मग ब्लॉक.

२०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, वाघाचे बाबा गेले. कमळला दुसऱ्याच दिवशी कळलं. तो मला नंतर म्हणाला, ‘फोन हातात घेतला होता गं. पण म्हटलं, त्याला वाटेल मी आता कशाला नाटक करतोय.’ फोन केला नाही.

जून २०२२ नंतर वाघ शिंदेंसोबत गेला. म्हणजे आता दोघांचे नेते परत एका स्टेजवर. २०२४ च्या प्रचारात दोघांनी आपापल्या स्टेटसला एकाच सभेचा फोटो टाकला होता. हल्ली बोलतात एकमेकांशी. वाढदिवसाला मेसेज, फोटोला लाइक. सगळं कसं व्यवस्थित. पण परवा वाघ सहज म्हणून गेला, ‘बाबांच्या वेळी तो आला नाही, हे माझ्या आईला अजून समजत नाही. ती विचारते, त्या मुलाचं आपण काय बिघडवलं होतं?’

काय सांगणार त्या माउलीला? युती परत होते हो. ते दिवस परत येत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, हे झालं इमोशनल. प्रॅक्टिकल नुकसान काय? तेही सांगते.

मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मुदत संपण्याच्या आत निवडणूक व्हायला हवी, हे राज्यघटनेत लिहिलेलं आहे, १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने. निवडणूक कधी झाली? जानेवारी २०२६ मध्ये. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टातल्या तारखा असं करत करत जवळजवळ चार वर्षं गेली. ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने आदेश दिला, तेव्हा गाडी हलली. तोवर या शहरांत लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासक बघत होते, म्हणजे सरकारी अधिकारी.

तुम्ही कधी यावर ऑफिसात वाद घातलाय? आठवून बघा. गुवाहाटीच्या त्या हॉटेलवर घातला असेल. ‘काय झाडी, काय डोंगार’वर तर आपण महिनाभर हसलो. पण ‘माझ्या वॉर्डाला नगरसेवक का नाही?’ यावर आमच्या कुठल्याही ग्रुपमध्ये चार वर्षांत मी एकही भांडण पाहिलं नाही. एकही नाही!

कारण सोपं आहे. मार्च २०२२ मध्ये राज्यात महाविकास आघाडीचं सरकार होतं, जूनच्या अखेरीपासून महायुतीचं. म्हणजे हा प्रश्न फेकून कुणाला मारायचा, हेच कळत नव्हतं. कुणाच्याही जर्सीत तो बसत नव्हता. आणि जो प्रश्न कुठल्याच टीमच्या कामाचा नाही, तो आपल्याकडे प्रश्नच राहत नाही. घटनेच्या बाराव्या परिशिष्टात शहरांच्या कारभाराचे १८ विषय दिलेत. पाणी, रस्ते, कचरा, आरोग्य. त्यात रस्त्यावरचे दिवेसुद्धा आहेत. रोज सकाळी घराबाहेर पडल्यावर आपलं ज्यांच्याशी काम पडतं, ते हे विषय. त्यांच्यासाठी कुणी कुणाला ब्लॉक केल्याचं ऐकलंय?

या सगळ्याला कंटाळून काही लोक म्हणतात, जाऊ दे ना, मतच नको द्यायला. नोव्हेंबर २०२४ ला कुलाबा मतदारसंघात मतदान ४५ टक्क्यांच्याही आत राहिलं. त्याच निवडणुकीत गडचिरोली जिल्ह्यात ७० टक्क्यांच्या वर गेलं. बूथपर्यंत पोहोचायला कुठे जास्त चालावं लागतं, हे वेगळं सांगायला नको. काही जण म्हणतात, ‘नोटा दाबू.’ तेही होतं. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये नोटाला २७ हजारांहून जास्त मतं पडली, थेट दुसरा नंबर! पण विधानसभेत नोटा पहिला आला असता तरी आमदार दुसऱ्या नंबरचाच झाला असता, नियमच तसा आहे. राग पोहोचतो, काम पोहोचत नाही.

मग मी काय केलं? फार ग्रेट काही नाही. जानेवारीत मुंबई सोडून बाकी महापालिकांत प्रभाग होते एकापेक्षा जास्त नगरसेवकांचे. आमच्याकडे चार. अ, ब, क, ड, चार जागा, चार बटणं. प्रचाराला येणारा प्रत्येक जण सांगायचा, ‘ताई, विचार करायचाच नाही, चारही आपलीच दाबायची.’ विचार करायचा नाही? एवढं मोठं डिस्काउंट तर सेलमध्येही कुणी देत नाही!

मी उमेदवारांची शपथपत्रं काढून वाचली. सुप्रीम कोर्टाच्या २००३ च्या निकालानंतर गुन्हे, मालमत्ता, शिक्षण हे सगळं त्यात लिहावंच लागतं. वीकएंडचा एक तास गेला, एका वेब सीरिजचा एक एपिसोड हुकला. सस्पेन्स मात्र तेवढाच होता. मग दारात येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा ठरवलं. ‘निवडून आल्यावर बंद दिव्याची तक्रार मी कुणाकडे करायची आणि किती दिवसांत काम होणार?’

पहिल्या कार्यकर्त्याने तोच सवाल टाकला, ‘ताई, आधी सांगा, तुम्ही कुणाच्या?’ मी म्हटलं, ‘अजून ठरलेलं नाही.’

मंडळी, या तीन शब्दांत काय जादू आहे, सांगते. पत्रक टाकून पुढे निघालेला तो मुलगा थांबला. नंबर घेतला. दुसऱ्या दिवशी स्वतः उमेदवाराचा फोन आला. त्याच्या विरोधातला उमेदवार तर संध्याकाळी घरीच आला, चहा प्यायला आणि दिव्यांसोबत ड्रेनेजचंही लिहून घेऊन गेला. समोरच्या फ्लॅटमधले काका, वीस वर्षांचे कट्टर. त्यांच्या दारात फक्त पत्रक. तेही वाकडं अडकवलेलं. त्यांच्याकडे वेळ कोण कशाला घालवेल? ते तर आपलेच आहेत.

तुळशीबागेत आपण हेच करतो ना? ‘मला हाच ड्रेस पाहिजे’ असं तोंडावर म्हणालात, की दुकानदार भाव एक रुपयाने कमी करत नाही. ‘बघते, पुढच्या दुकानात जाऊन येते’ म्हणालात, की लगेच ‘ताई, थांबा, थांबा!’ सुरू. मग पाच वर्षांच्या सौद्यात आपण आधीच ‘हाच पाहिजे’ का ओरडतो?

चार बटणं कुणाची दाबली, ते सांगणार नाही. गुप्त मतदान असतं, आणि बी विंगमधले काका हे पान वाचतात.

एक मात्र स्पष्ट सांगते. कशाचंच काही वाटू नये, सगळे सारखेच म्हणून हात झटकावेत, असं मला म्हणायचं नाही. काही लोकांसाठी राजकारण म्हणजे खरंच जगण्याचा प्रश्न असतो. जमीन असते, आरक्षण असतं, आपल्या वस्तीत सुरक्षित राहता येईल का, हा सवाल असतो. त्यांना एसी ऑफिसात बसून ‘न्यूट्रल राहा’ म्हणायचा मला काय अधिकार? भूमिका असावीच. माझीही आहे. पण भूमिका वेगळी आणि जर्सी वेगळी. भूमिका असली की आपल्या आवडत्या पक्षालाही ‘हे असं का केलंत?’ विचारता येतं. जर्सी घातली की फक्त टाळ्या वाजवता येतात.

लोकसभा आणि विधानसभेची पुढची मॅच ठरल्याप्रमाणे झाली तर २०२९ मध्ये. तोवर हातात वेळ आहे. दोन छोटी कामं करून बघा. एक, जो पक्ष तुम्हाला मनापासून आवडतो, त्याच्याच माणसाला एक अडचणीचा प्रश्न विचारा. विरोधकांना विचारायला काय, सगळेच विचारतात. दोन, २०१९ पासून आतापर्यंत ज्यांना ज्यांना राजकारणावरून म्यूट केलंय, त्यातल्या एकाला फोन करा. विषय कुठलाही काढा. त्याच्या आईची तब्येत विचारा. बस्स.

आणि पुढच्या सीझनला कुणी विचारलंच, ‘ते सगळं ठीक आहे, पण तू नेमकी कुणाची?’, तर बिनधास्त सांगा, ‘अजून भाव ठरायचाय.’

पाकिटाचा नाही हो, कामाचा!